दुसऱ्या डावात सुनेत्रा का नव्हती

भुसावळ,
२४ जानेवारी १९९७

मोहना खानविलकर यांना भुसावळच्या योगिनी भारंबेचा नमस्कार.

तुमच्या घरचा पत्ता घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र दांडिया बाजारातल्या तुमच्या मंडळाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली आभाराची आणि दुसरी भांडणाची.

आधी आभार. त्या शनिवारी नंदुरबारच्या पुढे मालगाडीचे डबे घसरले आणि आमची गाडी रानात उभी राहिली. आम्ही बारा मुली आणि सर, सामान डोक्यावर घेऊन रुळाच्या कडेने चालत रस्त्याला लागलो. पुढे ट्रक, मग एसटी, मग सुरतेहून उभ्याने बडोदे. खो-खोची फायनल दुपारची होती आणि आम्ही पोचलो तेव्हा तुमच्याकडचे लोक मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. वेळेवर संघ मैदानात नसेल तर समोरच्याला वॉकओव्हर मिळतो, हा नियम आम्हालाही पाठ आहे. माझ्या मुली फाटकातच रडायला लागल्या. मी त्यांना म्हणत होते की निदान जाऊन हात तरी मिळवू.

आणि तुम्ही सगळ्या मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसला होतात. तुमच्या कॅप्टनने वॉकओव्हर घ्यायला नकार दिलाय, मॅच उद्या सकाळी होईल, असं पंचांनी आम्हाला सांगितलं. मग तुमच्या घराघरांतून गाद्या आल्या, शेव-उसळीचं पातेलं आलं. आमच्या एका मुलीचे बूट वाटेत फाटले होते, तिला तुम्ही बूट दिलेत. हे मी जन्मभर विसरणार नाही.

आता भांडण. रविवारी पहिल्या डावात तुम्ही तीन गुणांनी पुढे होतात, आणि ते एकाच मुलीमुळे. सात नंबरची सुनेत्रा. ती आत आली आणि वेळ संपेपर्यंत आमच्यापैकी कोणालाच सापडली नाही. दुसऱ्या डावात ती मैदानात आलीच नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर बसून राहिली, आणि आम्ही एका गुणाने जिंकलो.

परतताना मुली गाडीत गाणी म्हणत होत्या. त्यात आमची एकजण सहज बोलून गेली, "दमून आलो म्हणून त्यांनी सोडली वाटतं." तेव्हापासून मला चैन नाही. जेवू घातलंत ते आम्ही आनंदाने खाल्लं. पण ढाल कोणी वाढलेली मला चालणार नाही. ती अजून आमच्या मंडळाच्या कपाटात गेलेली नाही. माझ्या पलंगाखाली गोधडीत गुंडाळून ठेवली आहे.

दुसऱ्या डावात सुनेत्रा का नव्हती, एवढंच सांगा.

योगिनी


बडोदे,
२ फेब्रुवारी १९९७

योगिनी,

पहिलं म्हणजे मला तुम्ही-बिम्ही म्हणू नकोस. आपण एकमेकींचे गुडघे फोडलेत, आता कसली औपचारिकता.

दुसरं, ती ढाल पलंगाखालून काढ आणि कपाटात ठेव. आम्ही मॅच दिली नाही, हरलो. शेवटच्या मिनिटाला तू खांबावर सूर मारून आमची मुलगी टिपलीस, ते काय मी तुला वाढलं होतं? ती मॅच मी रोज आंघोळ करताना पुन्हा खेळते, आणि रोज हरते.

थांबलो त्यातही उपकार नव्हता. वर्षभर पहाटे उठून धावायचं आणि ढाल मिळवायची ती रेल्वेचे डबे घसरले म्हणून? तशी ढाल मी आईला काय तोंडाने दाखवली असती? पंचांचं काम नियम लावायचं होतं. वॉकओव्हर घ्यायचा की नाही ते माझ्या हातात होतं, मी नाही घेतला. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी विश्वासराव तेव्हा फार भडकले. आपण काय धर्मशाळा काढली आहे का, म्हणाले. त्यांचंही अगदीच चूक नाही. या वर्षी पहिल्यांदाच अलकापुरीतल्या एका टाइल्सवाल्या शेठनी आम्हाला ट्रॅकसूट दिले. केबलवर दिवसभर क्रिकेट चालू असताना खो-खोला पैसे देणारा माणूस मिळणं म्हणजे नवलच. त्या शेठना ढालीबरोबर फोटो हवा होता. शेवटी ढालीशिवाय काढला. मी त्यात चांगली हसते आहे.

सुनेत्राचं म्हणशील तर तिच्या पोटरीला पेटका आला होता. अशा पायाने पळवणं बरं नव्हतं, म्हणून बसवली. बाकी काही नाही. माझ्या वागण्याने तुला खोटं लागलं असेल तर मनातून काढून टाक.

तुझी चाचणी आहे ना रेल्वेत? तुमचे सर सांगत होते. जोरात तयारी कर.

मोहना


भुसावळ,
९ फेब्रुवारी १९९७

मोहना,

तू म्हणतेस म्हणून तू म्हणते.

"खोटं लागलं असेल तर" हे मी दोनदा वाचलं. मग शेजारच्या गुजराती काकूंना विचारलं, तेव्हा कळलं की तुमच्याकडे वाईट वाटलं तर खोटं लागतं. आमच्या खान्देशात खोटं लागत नाही. खोटं बोलतात. आणि तू ते बोललीस.

बक्षीस समारंभ चालू होता तेव्हा मी ढाल घ्यायला रांगेत उभी होते. सगळे पाहुण्यांकडे बघत होते आणि मी तुमच्या सात नंबरला शोधत होते, तिला शाबासकी द्यायची म्हणून. ती मैदानामागच्या भिंतीशी गेली, दोन्ही हात टेकले आणि एका उडीत पलीकडे. माझ्या छातीएवढी उंच भिंत. पोटरीला पेटका आलेली मुलगी अशी उडी मारत नाही. अंगात राग भरलेली मुलगी मारते.

मीही कॅप्टन आहे, मोहना. आपल्या सगळ्यात चांगल्या पळणारीला फायनलमध्ये बसवायला केवढं कारण लागतं ते मला माहीत आहे. असं कारण माणूस लपवतो ते एक तर उपकार झाकायला, नाहीतर लाज झाकायला. उपकार असेल तर ढाल पार्सल करते. लाज असेल तर ती माझ्यापाशी राहील. मी घरातही बोलणार नाही.

हो, एप्रिलच्या मध्याला चाचणी आहे. माझे वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आहेत, त्यांचं फार मन आहे की घरातल्या मुलीनं रेल्वेकडून खेळावं. अर्जात जानेवारीची ढाल लिहायची आहे. ती ओळ मी कोरी ठेवली आहे.

योगिनी


बडोदे,
२२ फेब्रुवारी १९९७

प्रिय योगिनी,

उत्तराला वेळ लागला. तीनदा लिहायला बसले आणि उठले. तू भिंत पाहिली असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उपकार नव्हता. दुसरं होतं.

सुनेत्रा माझी मामेबहीण. मामा गोरव्याच्या एका कारखान्यात आहेत, त्यांचं घर तिकडेच. अकरावीसाठी कॉलेज जवळ पडावं म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. खो कसा द्यायचा, हूल कशी द्यायची, सगळं तिला मीच शिकवलं. माझ्यापेक्षा ती कधीच पुढे गेली आहे आणि मला त्याचा आनंद आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं मी कोणाविषयी लिहिते आहे ते तुला कळेल.

पहिल्या डावात ती पळत होती तेव्हा मी खांबाच्या बाजूला बाहेर बसले होते. तू तिच्या मागे होतीस. ती खांबापाशी आतून निसटली आणि तुझा हात तिच्या पाठीवर पडला. ओझरता नव्हे, चांगला पडला, मला आवाज आला. पंच पलीकडे होते आणि मध्ये तुमची मुलगी उठत होती, त्यांना काही दिसलं नाही. सुनेत्रा पळत राहिली. वेळ संपेपर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

मधल्या वेळात मी तिला विचारलं, हात लागला का? लागला, म्हणाली. मग थांबली का नाहीस?

ती म्हणाली, "मी बाद नव्हते."

अशी थंडपणे म्हणाली की माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, जा आणि पंचांना सांग. तर म्हणे, सांगायचं काय आहे त्यात. मग बस, म्हटलं. ती बसली. आणि आम्ही हरलो.

दमून आलेल्या संघासाठी आपण एक अख्खा दिवस थांबायचं, आणि मग त्यांनाच फसवून जिंकायचं? घरची मुलगी म्हणून मी डोळे मिटून घेतले असते, तर आदल्या दिवशीचं सगळं नाटक ठरलं असतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तिला बसवीन.

तुझ्याशी खोटं बोलले, कारण बाहेरच्या माणसाकडे आपल्या मुलीचं नाव खराब करायला जीभ उचलेना.

आता पुढचं ऐक. विश्वासरावांनी कॅप्टनपद काढून घेतलं. थांबले म्हणून नाही, सुनेत्राला बसवलं म्हणून. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण सुनेत्रा त्याच संध्याकाळी कपडे घेऊन गोरव्याला गेली. तिथून दोन बस बदलून कॉलेजला येते, मैदानावर पाऊल टाकत नाही. मामा आईशी फोनवर तुटक बोलतात. ते जड जातं.

आता अर्जातली ओळ भर. लाज आमची होती, ढाल तुमची आहे.

मोहना


भुसावळ,
२७ फेब्रुवारी १९९७

मोहना,

पत्र आजच मिळालं आणि मी लगेच लिहायला बसले आहे. नीट वाच, आणि हे पत्र सुनेत्राला दाखव.

सुनेत्रा बाद नव्हती.

हात माझा होता, तेव्हा काय झालं ते मला माहीत आहे. ती आतून निसटली तेव्हा मी खांबापर्यंत पोचले नव्हते. नियमाने मला सरळ खांबापर्यंत जायला हवं होतं. पण ती इतकी जवळ होती की मला राहवलं नाही. मी अलीकडेच खांदा मागे फिरवला आणि हात टाकला. एकदा दिशा घेतल्यावर खांबाआधी मागे फिरणं हा फाउल, आणि फाउल करून लावलेल्या हाताने गडी बाद होत नाही. हे शाळेतल्या पोरींनाही माहीत असतं. माझं मलाच कळलं, म्हणून मी पंचांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पुढे होऊन खो दिला. पंचांना माझा हात दिसला नाही तसा खांदाही दिसला नाही. दिसला असता तर शिट्टी माझ्यावर वाजली असती.

तू हात पाहिलास. ती पळता पळता माझा खांदा पाहत होती. म्हणून तर ती सापडत नाही.

तू तिला दोन प्रश्न विचारलेस आणि तिने दोन्हींची खरी उत्तरं दिली. हात लागला, आणि मी बाद नव्हते. आणि तू तिला चोर समजलीस.

एक गोष्ट तुझ्या डोक्यात यायला हवी होती. माझा हात जर खरा लागला असता तर मी गप्प बसले असते का? भुसावळची पोरगी आहे मी, अख्खं मैदान डोक्यावर घेतलं असतं. मी तेव्हा तुमच्यापासून दहा हातांवर पाणी पीत होते. येऊन विचारायचं होतंस. तू सगळ्यांशी न्यायाने वागायला निघालीस आणि एकटीनेच निकाल देऊन टाकलास.

रागावू नकोस. मला तुझ्याबद्दल आदर आहे, म्हणूनच एवढं लिहिते.

ढाल मी परत करणार नाही. कोणाला खेळवायचं हे कॅप्टनने ठरवायचं असतं, तू चुकीचं ठरवलंस, आम्ही त्या दिवशी जास्त चांगले खेळलो. अर्जातली ओळ भरली. पण आता मला सुनेत्रासमोर पुन्हा खेळायचं आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी भुसावळला या. सकाळी लवकर खेळू, नंतर आमच्याकडे उन्हात दगडसुद्धा उभा राहत नाही. सर म्हणतात, चाचणीच्या तोंडावर असली मॅच नको, हरलीस तर हिंमत जाईल. मी म्हटलं, चाचणीला येणारी एकही मुलगी सुनेत्राएवढी पळणार नाही. सराव करायचा तर तिच्यामागेच करते.

पण आधी गोरव्याला जा.

योगिनी


बडोदे,
१२ मार्च १९९७

प्रिय योगिनी,

गेले.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस तुझ्यावरच चिडले होते, खरं सांगते. मग ती मॅच पुन्हा डोळ्यांसमोर आणली. तुझा हात मला लख्ख दिसतो, पण तुझे पाय कुठे होते ते आठवतच नाही. मी पाहिलेच नव्हते.

मामींनी चहा केला, गच्चीकडे हात केला. सुनेत्रा बटाट्याच्या वेफर्स वाळत घालत होती. मला पाहून उठली नाही. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते बसल्या बसल्या वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. हे मला माहीत आहे, म्हणाली.

मी म्हटलं, "मग समजावून का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस तेव्हा उत्तर ठरवूनच आली होतीस," ती म्हणाली. "सगळ्या मुलींसमोर मला चोर केलंस. मग मी तिथे उभी राहून नियम वाचून दाखवायचा होता? दुसरं कोणी असतं तर सांगितलं असतं. तुला सांगावं लागतंय याचंच मला..."

मग मी तिची माफी मागितली. "पण" न लावता मागितली. ते मला सहसा जमत नाही.

आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या वेफर्स घातल्या. मी तिला एवढंच म्हटलं की तू खरंच बाद असतीस आणि पळत राहिली असतीस, तर मी बसवलं ते बरोबर होतं. त्यावर ती म्हणाली, तेव्हा तू सांगायच्या आधी मीच जाऊन बसले असते. आणि मला कळलं की हे खरं आहे. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती तशीच आहे. ते मी विसरले कशी?

परत यायला ती तयार झाली, पण अट घातली. जे सगळ्यांसमोर म्हणालीस ते सगळ्यांसमोरच मागे घे. ते मी तसंही करणारच होते. दुसरी गोष्ट तिने वेफर्सवर फडकं पसरता पसरता सांगितली. विश्वासरावांनी तिला कॅप्टन व्हायला विचारलं होतं, आणि ती हो म्हणणार होती.

"तू खेळशील ना माझ्या टीममध्ये?" तिने विचारलं.

योगिनी, मला ते झोंबलं. खोटं कशाला बोलू. चार वर्षं मी कॅप्टन होते. पण ती मला टोचायला विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांना गोल बसवून मी सांगितलं, की सुनेत्रा बाद नव्हती, नियम तिने पाळला आणि मी तिला विनाकारण बसवलं. विश्वासराव मागे उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता सुनावतील. ते फक्त म्हणाले, चालो, ऊन वाढतंय, सराव सुरू करा.

आम्ही येतो आहोत. आदल्या दिवशी पोचू. कॅप्टन सुनेत्रा, मी पाचव्या नंबरवर. शेठना कळवलं तर ते म्हणाले, ढाल नसलेली मॅच कसली? सुनेत्राने त्यांना विचारलं, ट्रॅकसूट धुऊन परत करू का? ते हसले. ट्रॅकसूट राहिले.

मोहना


भुसावळ,
२० एप्रिल १९९७

प्रिय मोहना,

तुम्ही गेल्यावर लगेच लिहिणार होते. पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, आणि मग चाचणी आली.

हरल्यावरही बरं वाटलं असं मी लिहिणार नाही. चार गुणांनी हरलो, आपल्याच मैदानात, अख्खं गाव बघत असताना. माझे वडील शेडमधली अर्धी माणसं घेऊन आले होते. सुनेत्राच्या मागे मी दोन्ही डावांत धावले, आणि दोन्ही वेळा ती समोर आहे असं वाटत असताना नसायची. एकदा तर माझी बोटं तिच्या वेणीपाशी होती. आणि तू! मी पळत असताना माझी सगळी नजर सुनेत्राच्या खोवर होती आणि तू रांगेतून उठून कधी माझ्या अंगावर आलीस ते समजलंच नाही. कॅप्टनपद गेल्यावर तू जास्त चांगली खेळतेस, हे तुला कोणी सांगितलं का? डोक्यावरचं ओझं गेल्यासारखी खेळत होतीस.

म्हणजे जानेवारीत ती खेळली असती तर आम्ही बहुतेक हरलो असतो. मला खरं काय ते हवं होतं, ते मिळालं. पचायला जड आहे, पण आता पोटात दुसरं काही नाही.

मॅच संपल्यावर आमचे सर ढाल घेऊन आले. मीच आणायला सांगितली होती. मी ती सुनेत्रापुढे धरली तेव्हा विश्वासरावांचे हातसुद्धा पुढे आले होते. ती काय म्हणाली ते तू ऐकलंसच, पण माझ्या वडिलांनी ते शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं, म्हणून मीही लिहून ठेवते.

"ती मॅच तुम्ही जिंकलात, ही आम्ही जिंकली. जानेवारीत स्पर्धा आहे, तेव्हा खेळून घेऊ."

सतरा वर्षांची मुलगी! हे बोलून ती पाणी प्यायला निघून गेली. ढाल आता आमच्या मंडळाच्या कपाटात आहे, काचेच्या मागे, सगळ्यांना दिसेल अशी. मी स्वतः ठेवली.

चाचणीचं सांगते. ढालीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. आम्हाला दुपारपर्यंत नुसतं पळवलं, बसवलं, उठवलं, पुन्हा पळवलं. आसपासच्या मुली दमून बसत होत्या. मी मनात सुनेत्राची वेणी धरून धावत होते. माझी निवड झाली. जूनपासून मुंबईला शिबिर आहे. वडिलांनी ऐकलं आणि सायकल पुसायला घेतली. आधीच चकचकीत होती ती.

तू शिकवलेली मुलगी मला पकडता आली नाही, आणि त्याच महिन्यात मी रेल्वेत लागले. दोन्ही आनंदाने सांगते आहे असं समज. पहिलं जरा कमी आनंदाने.

योगिनी


बडोदे,
४ मे १९९७

योगिनीताई,

मी सुनेत्रा. आतापर्यंत सगळी पत्रं माझ्याबद्दल होती आणि मला कोणी एक ओळ लिहायला दिली नाही. मोहनाताईने तुमची सगळी पत्रं मला वाचायला दिली. मी म्हटलं, आता उत्तर मी लिहिते. ती म्हणाली, लिही, कॅप्टन तू आहेस. हे हल्ली ती दर गोष्टीला म्हणते. ताटं कोणी उचलायची यालासुद्धा.

पहिलं, अभिनंदन. मैदानावर सगळ्यांना सांगितलं. विश्वासरावकाकांनी पेढे वाटले आणि म्हणाले, आपल्याकडून हरली म्हणून लागली. त्यांचं लॉजिक काही कळत नाही, पण पेढे चांगले होते.

दुसरं, तुम्ही लिहिलंत की मी तुमचा खांदा पाहत होते. बराबर. पण तुम्ही सरळ पुढे होऊन खो दिलात तेही मी पाहिलं होतं. मागे वळून आऊट म्हणून ओरडला असतात तर पंचांनी कदाचित दिलंही असतं. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणून मला वाटलं, ही मुलगी सरळ आहे. मधल्या वेळात मोहनाताईने मला विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवू शकले असते. पण मग तुमचा फाउल सगळ्यांसमोर आला असता, आणि तुम्ही आदल्या दिवशी रुळावरून चालत आला होतात. त्या क्षणी ते करावंसं वाटलं नाही. राग होताच. पण हेही होतं. मोहनाताईला हे मी आजच सांगितलं. ती उठून माझ्या केसांना तेल लावायला बसली.

तिसरं. मी पुन्हा दांडिया बाजारात राहायला आले आहे. माझ्या बाबांचं आणि आत्याचं फोनवर पुन्हा नीट चालू आहे. पहाटे मी सगळ्यांना उठवते, आणि मोहनाताईला सगळ्यात आधी, कारण तिने माझ्याशी तेच केलं होतं. ती कुरकुर न करता उठते. परवा छाणीच्या मुलींविरुद्ध मॅच होती, त्यात मी तिला पहिल्या तुकडीत पळवलं. लोक म्हणाले, तिला शेवटी ठेवायचं होतं. मला तसं वाटलं नाही. ती पहिली पळाली आणि समोरच्यांची हवाच गेली.

आणि शेवटचं. गुजरातच्या शिबिरासाठी माझं नाव निघालं आहे. निवड अजून व्हायची आहे, पण ती होईल. मोहनाताई म्हणते असं लिहू नये, गर्व वाटतो. मी म्हटलं, गर्व नाही, मला माहीत आहे. तुम्ही रेल्वेकडून आणि मी गुजरातकडून, म्हणजे नॅशनलला गाठ पडणारच.

तुम्ही चाचणीत माझी वेणी धरून धावलात म्हणे. मी कालच केस कापले. आता दुसरं काहीतरी धरायला शोधा.

सुनेत्रा